घरात पाच माणसं, केबिन चौघांची: बेळगावातून क्रूझ निवडताना

क्रूझच्या जाहिरातीतला सगळ्यांत मोठा आकडा आधी हातानं झाकायचा आणि मग तळाची बारीक अक्षरं वाचायची. मी बेळगावच्या शहापुरात एका पतसंस्थेत कर्जाच्या फायली बघते, त्यामुळे ही खोड अंगात भिनलेली. 'माणशी फक्त १९,९९९' असं ठळक छापलेलं असतं आणि खाली भिंग लावून वाचावं अशा अक्षरांत: दोघांनी एका केबिनमध्ये राहिल्यास; बंदर शुल्क, सेवा शुल्क व कर वेगळे; निवडक तारखांना. सगळा पैसा या तीन तुकड्यांत जातो.

भिशीतल्या बायका मला विचारतात, "कुठली कंपनी स्वस्त गं?" मी उलट विचारते, तुम्ही किती जण? मुलं केवढी? सासूबाई यायलेत काय? कारण एकच जहाज एका घराला स्वस्त पडतं आणि शेजारच्या घराला महाग.

कसं, ते आकड्यांनीच दाखवते. आकडे समजण्यापुरते गोल घेतलेत, कुठल्या कंपनीचे दर नव्हेत. समजा 'अ' जहाज माणशी वीस हजार घेतं, मुलांनाही तेवढेच. 'ब' जहाज माणशी सव्वीस हजार घेतं, पण केबिनमधल्या तिसऱ्या-चौथ्या पलंगावरच्या मुलांना भाडं नाही, फक्त शुल्क. बंदर शुल्क आणि सेवा शुल्क (म्हणजे जहाजावरच्या नोकरमंडळींची बक्षिशी) मिळून दोन्हीकडे माणशी पाच हजार धरू. नवरा, बायको, दोन मुलं एका केबिनमध्ये गेले, तर 'अ'चे होतात पंचवीस हजार गुणिले चार, म्हणजे एक लाख. 'ब'चे होतात दोघांचे बावन्न हजार आणि चौघांचं शुल्क वीस हजार, म्हणजे बहात्तर हजार. जाहिरातीत महाग दिसणारं जहाज अठ्ठावीस हजारांनी स्वस्त पडलं.

आता यात आजी घाला. बहुतेक केबिनमध्ये जास्तीत जास्त चौघं मावतात, म्हणजे दोन केबिन आल्या. 'अ'चे सरळ पंचवीस पाचे सव्वा लाख. 'ब'मध्ये आजीबरोबर एक नातवंड दुसऱ्या केबिनमध्ये गेलं की ते नातवंड तिथं 'दुसरा प्रवासी' ठरतं आणि त्याला पूर्ण भाडं लागतं. पहिली केबिन सदुसष्ट हजार, दुसरी बासष्ट, एकूण एक लाख एकोणतीस हजार. आजीला एकटीला केबिन दिली, तर एकट्या माणसाला बहुतेक ठिकाणी दोघांचं भाडं मोजावं लागतं, आणि तोही हिशेब तेवढाच येतो. चौघांच्या घराला 'ब' स्वस्त होतं, पाचांच्या घराला 'अ'. म्हणून आधी आपली माणसं केबिनमध्ये बसवून बघा, मग कंपन्यांची नावं काढा.

'ब'च्या प्रकारात एमएससी ही युरोपातली कंपनी पुष्कळ फेऱ्यांना मुलांना पालकांच्या केबिनमध्ये भाडं न घेता, फक्त बंदर शुल्कावर नेते. रॉयल कॅरिबियन या अमेरिकी कंपनीची अशी सवलत ठरावीक तारखांपुरती येते-जाते. सवलत दिसली की एकच विचारायचं: ही कितव्या प्रवाशाला?

दोन केबिन घ्यायच्याच असतील तर एक समुद्राकडची आणि एक आतली, समोरासमोर घ्या. आतल्या केबिनला खिडकी नसते, पण भाडं सगळ्यांत कमी आणि दिवसा झोपही छान लागते. प्रत्येक केबिनच्या नोंदणीत एक सज्ञान माणूस लागतो, त्यामुळे कागदावर आई एकीकडे आणि बाबा दुसरीकडे दाखवतात. कोण कुठं झोपणार हे घरातच ठरवायचं. बाल्कनीवर मी पैसे घालणार नाही. तीन-चार रात्रींच्या फेरीत मुलं केबिनमध्ये थांबतातच कुठं? वरचा डेक सगळ्यांचाच असतो. मात्र आजी दिवसभर खोलीत बसणाऱ्या असतील, तर त्यांना निदान खिडकी तरी द्या, नाहीतर सकाळ की संध्याकाळ हेच कळत नाही.

यानंतरचा प्रश्न बंदराचा. आपल्याला तो मुंबईकरांपेक्षा जास्त महत्त्वाचा, कारण आपण घाटावरचे. बंदरापर्यंत जाण्या-येण्याचा, आदल्या रात्रीच्या मुक्कामाचा आणि टॅक्सीचा खर्च त्या भाड्यात मिळवल्याशिवाय दोन कंपन्यांची तुलनाच होत नाही. मी वहीत घराच्या फाटकापासून घराच्या फाटकापर्यंतचा आकडा मांडते. खानापूर असो की निपाणी, पद्धत तीच.

देशातल्या देशात जायचं तर सध्या ठळक नाव कॉर्डेलिया या भारतीय कंपनीचं. त्यांचं एम्प्रेस हे जहाज १९९० सालचं, आधी रॉयल कॅरिबियनकडे होतं, आणि सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून फिरायला लागलं. मुंबई–गोवा, लक्षद्वीप, कोची अशा फेऱ्या असतात. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला, त्यामुळे तेव्हा पूर्व किनाऱ्याकडे, चेन्नईच्या बाजूला बघायचं. पासपोर्ट नको, आधार चालतं, जहाजावरचे व्यवहार रुपयांत आणि जेवणात आपल्याला ओळखीचे पदार्थ, हे त्याचे मोठे फायदे. मात्र आजच्या मानानं जहाज लहान आणि वयस्कर आहे. सिंगापूरहून निघणारं गेंटिंग ड्रीम हे जहाज २०१६ सालचं, आकारमानानं जवळजवळ तिप्पट. रॉयल कॅरिबियनची तिकडची काही जहाजं त्याहून मोठी. जाहिरातीतले फोटो बघून मुलांनी मनात जे जहाज धरलेलं असतं ते बहुधा असलं मोठं असतं, म्हणून मुलांना आपल्या जहाजाचाच व्हिडिओ दाखवा.

मुंबई–गोवा फेरीबद्दल आपल्याकडच्या माणसानं वेगळाच विचार करायला हवा. मुंबईकराला गोवा ही सहल. आपण सकाळी चोर्ला घाटानं उतरून पणजीत मासे खाऊन रात्री घरी झोपायला येतो. तेव्हा मुरगाव बंदरात जहाज लागल्यावर कंपनीची 'गोवा दर्शन' सहल विकत घेणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी. त्या दिवशी जहाजावरच थांबा. सगळे उतरून गेलेले असतात, पोहण्याचा तलाव मोकळा, जेवणाला रांग नाही. मुलांना हाच दिवस सगळ्यांत आवडतो.

एकेरी फेरी विक्रीला असेल, तर आपल्याइतकी सोय कुणाचीच नाही. रात्रीच्या गाडीनं आदल्या दिवशी दादर, दुसऱ्या दिवशी मुंबईत चढायचं, गोव्याला उतरायचं आणि संध्याकाळच्या आत घाट चढून घरी. मुरगावहून बेळगाव सुमारे दीडशे किलोमीटर, आणि वास्कोहून निघणारी गोवा एक्सप्रेस दूधसागर, लोंढा करत बेळगावातूनच जाते. उलटीकडूनही चालतं, पण मग मुंबईहून परतीच्या बसमध्ये थकलेली मुलं आणि बॅगा. पावसात घाटरस्त्याचा भरवसा धरू नका. जहाज तुमच्यासाठी थांबत नाही; सुटण्याच्या तास-दीड तास आधी दार बंद होतं. मुंबईला आदल्या दिवशीच पोचा. डोंबिवली-लालबागला कुणी नातेवाईक नाही असं बेळगावात एकही घर नसेल, मुक्कामाचे पैसे तिथं वाचतात.

लक्षद्वीपची फेरी फोटोत फार सुंदर. पण तिथल्या आगत्ती बेटाला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, समुद्रात उभं राहतं आणि हलत्या छोट्या बोटींतून किनाऱ्याला नेतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते जड जातं, आणि समुद्र उसळला तर उतरणंच रद्द होतं. केवळ बेटं बघायची असतील आणि झगमगाट नको असेल, तर कोचीहून सरकारी 'समुद्रम' सहल आहे. एमव्ही कवरत्ती जहाजातून कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय दाखवतात. तिथं तरणतलाव-नाचगाणं शोधू नका. रात्री प्रवास, दिवसा बेट, असा सरळ मामला.

सिंगापूरच्या जहाजांना मुलं खूश, पण वहीतला खर्च दुप्पट होतो तो विमानानं. बेळगावाहून बंगळूर गाठायचं, तिथून विमान. रात्रीची गाडी आहे, ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारतही आहे, पण विमानतळ देवनहळ्ळीला, स्टेशनपासून लांब. पाच माणसांना टॅक्सीचं भाडं धरा. सिंगापूरला क्रूझची दोन टर्मिनलं आहेत, मरीना बे आणि हार्बरफ्रंट. तिकिटावर कुठलं लिहिलंय ते बघूनच हॉटेल घ्या. व्हिसा घेताना एक लक्षात ठेवायचं: जहाज सिंगापूर सोडून मलेशिया किंवा थायलंडला जातं आणि परत सिंगापूरला येतं, म्हणजे तुम्ही सिंगापुरात दोनदा शिरता. व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे ना, हे बघून घ्या. मलेशियानं १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसा माफ केलाय, पण ती सवलत मुदतीची आहे. निघण्याआधी चालू असल्याची खात्री करा.

माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला देशातलंच जहाज आणि दोन-तीन रात्रीच. घरातल्या कुणाला समुद्र लागतो हे कळायच्या आधी आठवड्याची फेरी घेऊ नये. त्याहून स्वस्तात बघायचं तर मुंबईला गेलात की भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याच्या रो-रोनं, म्हणजे गाड्याही नेणाऱ्या बोटीनं, एक चक्कर मारा. पणजीच्या सांता मोनिका जेट्टीवरची संध्याकाळची बोट यासाठी उपयोगाची नाही, ती नदीतली.

आता तारीख. कर्नाटकात राहण्याचा फायदा आपल्याला एरवी फारसा कुणी सांगत नाही, पण इथं तो रोकडा आहे. आपल्या शाळांना, मराठी माध्यमाच्यासुद्धा, कर्नाटकाचं वेळापत्रक. उन्हाळी सुट्टी एप्रिलच्या मध्याआधी लागते. तेव्हा मुंबई-पुण्याची मुलं परीक्षेला बसलेली असतात. आपल्याकडे मोठी सुट्टी दसऱ्याला, त्यांच्याकडे दिवाळीला. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजाच्या केबिन मुंबई-पुण्याच्या सुट्टीत महागतात. म्हणून एप्रिलचा दुसरा-तिसरा आठवडा किंवा दसऱ्याच्या सुट्टीतले मधले वार धरा आणि त्याच जहाजाचा मे महिन्यातला दर शेजारी लिहून बघा. शनिवार-रविवार मध्ये आला की दर चढतोच. सीबीएसईवाल्यांचं गणित वेगळं, त्यांनी आपापलं बघावं. एकच पंचाईत: कोल्हापूरच्या मामेभावंडांना बरोबर घ्यायचं म्हटलं, की दोन राज्यांच्या सुट्ट्या जुळता जुळत नाहीत आणि मग सगळ्यांनाच मेचा महाग दर पडतो. माझी निपाणीची नणंद म्हणाली, "वहिनी, भावंडं गणपतीत भेटतातच की. जहाजावर कशाला?" बाई व्यवहाराचं बोलली.

जहाजावर चढल्यावर जे पैसे जातात, तिथं कंपनी-कंपनीत खरा फरक आहे. सेवा शुल्क आधी भरलंय की रोज खात्यावर चढतं, हे लेखी विचारा. रॉयल कॅरिबियननं नोव्हेंबर २०२३ मध्ये साध्या केबिनचं शुल्क माणशी दिवसाला १८ डॉलर केलं, आणि ते मुलांनाही लागतं. त्या दरानं चौघांचे चार रात्रींचे २८८ डॉलर झाले. जाहिरातीत याचा पत्ता नसतो. पेयांच्या पॅकेजचीही गोम आहे: मोठ्या कंपन्यांत केबिनमधल्या एकानं दारूचं पॅकेज घेतलं, की त्याच केबिनमधल्या दुसऱ्या सज्ञान माणसालाही ते घ्यावं लागतं. म्हणजे यांच्या दोन पेगांसाठी आपल्या नावावरही तेवढीच रक्कम. पाणी, चहा, बुफेतलं जेवण भाड्यात असतं. डब्यातली शीतपेयं, वेगळ्या नावाची हॉटेलं, व्हिडिओ गेम, फोटो हे सगळं वर. मुलांच्या हातातलं केबिनचं कार्ड खरेदीला बंद करून मिळतं, पहिल्याच दिवशी काउंटरवर सांगा.

फोन तर चढल्या चढल्या विमान मोडवर टाका. भर समुद्रात तो जहाजाचं नेटवर्क पकडतो आणि रोमिंगचं बिल घरी आल्यावर समजतं. व्हॉट्सॲपशिवाय जमतच नसेल, तर एकाच फोनवर जहाजाचं वायफाय घ्या आणि आळीपाळीनं वापरा.

जेवणावरून मी कंपनी बाद करते. आमच्या सासूबाई कांदा-लसूण खात नाहीत आणि चतुर्थीला वेगळं लागतं. देशातल्या जहाजावर शाकाहारी आणि जैन जेवण सरसकट मिळतं. गेंटिंग ड्रीमवरही भारतीय शाकाहारी जेवणाची सोय आहे, कारण त्यांच्या गिऱ्हाइकांत भारतीय पुष्कळ. पाश्चात्त्य कंपन्यांत एखादा भारतीय पदार्थ असतो, पण जैन हवं असेल तर नोंदणीच्या वेळीच लिहून द्यायचं आणि पहिल्या रात्री वाढप्याला परत सांगायचं. घरचं शिजवलेलं नेता येत नाही. दुकानातलं सीलबंद पाकीट बहुतेक ठिकाणी चालतं, त्यामुळे कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पाकीटबंदच घ्या, डब्यात भरून नको. इस्त्री, पाणी तापवायची किटली असल्या वस्तू चढताना काढून घेतात आणि उतरताना देतात.

समुद्र लागू नये म्हणून केबिन जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घ्या. तिथं हेलकावे कमी, आणि नशिबानं खालच्या मजल्याचं भाडंही बहुधा कमी. गोळी डॉक्टरांना विचारून, निघायच्या आधी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली पोटात राहत नाही. आलेपाकाच्या वड्या खिशात ठेवा. सहा महिन्यांखालचं बाळ बहुतेक कंपन्या घेत नाहीत, आणि फेरी संपेपर्यंत गरोदरपणाचा चोविसावा आठवडा लागत असेल तर त्या बाईलाही नाही. लंगोटातल्या मुलाला मुख्य तलावात सोडत नाहीत, पोहण्याचा लंगोट घातला तरी. दोन वर्षांचं पोर पाण्यासाठीच नेत असाल तर हे आधी विचारा.

कागदपत्रांचं दुखणं आपल्या भागाचं खास आहे. आधार काढताना नाव कन्नडमधून इंग्रजीत गेलेलं, शाळेच्या दाखल्यावर मराठीतून, आणि पॅनवर तिसरंच. तिकिटावरचं नाव जे ओळखपत्र दाखवणार त्याच्याशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. एजंटला नाव फोनवर सांगू नका, ओळखपत्राचा फोटो पाठवा. पासपोर्टसाठी बेळगावच्या मुख्य टपाल कार्यालयात सोय आहे, नाहीतर हुबळी. साधं शुल्क मोठ्यांना १,५०० आणि मुलांना १,००० रुपये. मुलांच्या पासपोर्टची मुदत साधारण पाचच वर्षं, आणि परदेशी जाताना ती किमान सहा महिने शिल्लक लागते. मोठ्यांचा चालू आहे म्हणून मुलांचाही असेल असं धरू नका.

पैसे भरताना घाई नको. या धंद्यात कंपन्या येतात तशा जातात. मुंबईहून जलेश ही कंपनी २०१९ मध्ये सुरू झाली आणि २०२० मध्ये बंदही पडली. कोस्टा सेरेना हे इटालियन कंपनीचं जहाज २०२३ च्या नोव्हेंबरात मुंबईला आलं ते हंगामापुरतं. म्हणून वर्षभर आधी पूर्ण रक्कम देण्यापेक्षा थोडा बयाणा देऊन बाकी उशिरा भरता येईल असा दर थोडा महाग असला तरी मी तो घेते, आणि भरणा क्रेडिट कार्डानं करते. आमच्या ओळखीच्या एका एजंटनं तारीख बदलून देतो म्हणून तोंडी सांगितलं होतं. वेळ आली तेव्हा 'कंपनीचा नियम' म्हणून हात वर केले. रद्द केल्यास किती दिवस आधी किती टक्के परत, तारीख बदलल्यास किती, जहाजानं बंदर गाळलं तर शुल्क परत मिळतं का, ही तिन्ही उत्तरं लेखी नसतील तर पैसे देऊ नका. परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्यानं आपल्याकडून आधीच कापून घेतलेला आयकर, लागतो. तो खर्च नव्हे, आयकर विवरणपत्रात वळता होतो. बिल मात्र घरात ज्याचं विवरणपत्र भरलं जातं त्याच्याच पॅनवर करून घ्या.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात आणि त्या रातोरात नेल्या जातात. सकाळचे कपडे, औषधं आणि ओळखपत्रं हातातल्या पिशवीत काढून ठेवा. जहाजावरच्या खात्याचं बिल त्याच संध्याकाळी काउंटरवरून मागून घ्या आणि ओळ न् ओळ वाचा. सकाळी तिथं पन्नास माणसांची रांग असते आणि न घेतलेल्या फोटोचे पैसे कमी करून घ्यायला कुणाला सवड नसते. उतरायला नंबर उशिरा येऊ शकतो, त्यामुळे मुंबईला उतरत असाल तर परतीची गाडी रात्रीचीच काढा.